‘गड आला पण सिंह गेला’ : दोन लग्नें आणि एक शब्द

घोडबंदरच्या किल्ल्यावर आम्ही मध्यंतरीं गेलों असतां बरोबरच्या एका सद्गृहस्थांनीं विचारिलें, “मराठ्यांनीं घोरपड लाविली ती कोणत्या अंगास?” भाईंदरजवळील खाडीवरचें हें ठाणें मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून 1737 त, साष्टीच्या मोहिमेंत घेतलें; घोरपडीची कथा सिंहगडाची, म्हणजे 1670 ची. तथापि त्या गृहस्थांस हंसण्याचें कारण नाहीं. गड घेणें म्हणजे काय, याचें चित्र आमच्या लोकांच्या मनांत कागदपत्रांनीं नव्हे, तर पोवाड्यानें व हरि नारायण आपटे यांच्या 1903 च्या कादंबरीनें उमटविलें आहे. तेव्हां त्या कादंबरीची रचना तपासणें हें संशोधकाचेंहि काम होय.

घरच्या कार्याहून स्वामिकार्य श्रेष्ठ, हा तिचा विषय. तो आपटे दोन लग्नें समोरासमोर ठेवून दाखवितात. खालीं तानाजी आपल्या रायबाचें लग्न आपण होऊन मागें सारतो. वर गडावर उदेभानु कमलकुमारीशीं बळानें लग्न लावूं पाहतो. तिला दिलेली मुदत सरण्याची रात्र आणि चढाईची रात्र एकच. एक लग्न राहिलें म्हणून दुसरें टळलें, अशी ही गांठ आहे. वाचकाचा जीव तींत अडकतो, आणि त्याग म्हणजे काय हें त्यास न सांगतां कळतें.

सभासदाच्या बखरींत मात्र यांपैकीं एकहि लग्न नाहीं. रायबाचें लग्न पोवाड्यांतून आलें. कमलकुमारी ही कादंबरीकाराची निर्मिति. कादंबरीकारास तो अधिकार आहेच. आमची तक्रार निराळी आहे. सभासदाचे तानाजी व उदेभान तोलास तोल वीर आहेत, आणि दोघेहि एकमेकांच्या हातें पडतात. कादंबरींतला उदेभानु कामांध झाला, त्याबरोबर लढाईचें मोलहि उतरलें. राज्यासाठीं गड घ्यावयाचा, हा हेतु अबलेच्या सुटकेआड जातो. ज्या युक्तीनें विषय उठावदार केला, तीच येथें त्यास झांकते.

शीर्षकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सभासदाचे महाराज तानाजीस सिंह म्हणत नाहींत. एक गड मिळाला व दुसरा हातचा गेला, अशा आशयाचा त्यांचा उद्गार आहे. तेथें मनुष्य हाच गड. शीर्षकांत दुसऱ्या गडाचा सिंह झालेला आहे, आणि त्या एका शब्दानें मनुष्य व स्थळ यांचें नांव एक होतें. कथेच्या दृष्टीनें याहून समर्पक शब्द सुचणें कठीण. परंतु त्यामुळेंच कोंढाण्याचें सिंहगड हें नांव तानाजीच्या मरणानें पडलें, ही समजूत दृढ झाली. शिवाजी महाराजांच्या 3 एप्रिल 1663 च्या पत्रांत तें नांव आलेलें आहे. म्हणजे तानाजी पडण्यापूर्वीं जवळजवळ सात वर्षें गड सिंहगड होताच; सिंह गडानें कथेस दिला, कथेनें गडास नव्हे.

हा पालट प्रथम कोठें झाला, तें हस्तलिखितांवरून ठरविण्याजोगें आहे. ज्यांच्या संग्रहीं तुळशीदासाच्या पोवाड्याच्या जुन्या प्रती असतील, त्यांनीं शेवटच्या चौकांतील महाराजांचा उद्गार अक्षरशः उतरून, प्रतीच्या कालनिर्देशासह, आम्हांकडे पाठवावा.