लोकल म्हणजे कुठले?

इंग्रजी विशेषण एकदा का आपल्याकडे मुक्कामाला आले, की ते नामाला विचारत नाही. ‘लोकल’चेच बघा ना! मूळ लॅटिन ‘लोकस’ म्हणजे जागा. तेव्हा ‘लोकल’ म्हणजे तिथलेच. अर्थ इतका गरीब. पण शहापूर-मुरबाडकडे येऊन त्याने काय काय सोंगे घेतली!

पहिल्यांदा आले ते सरकारी टोपी घालून. १८८२ साली लॉर्ड रिपनसाहेबांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा. शाळा लोकल बोर्डाची, रस्ता लोकल बोर्डाचा. शब्दाला वजन होते. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या नि टोपी उतरली.

पण तोवर शब्दाला चाके फुटली होती. ‘गाडी’ गळून पडली, नुसते विशेषणच धावू लागले. कसाऱ्याहून सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईला जाणारी गाडी ‘तिथलीच’ कशी, हे सकाळी आसनगावच्या फलाटावर विचारू नये. उत्तर द्यायला कुणी थांबत नाही. मुरबाडकर तर आधी एस.टी.ने कल्याण गाठतात, मग लोकल!

बाजारात मात्र शब्दाची रया गेली. ‘लोकल’ पंखा म्हणजे स्वस्त आणि घरघरणारा. याचेच मराठी भावंड ‘गावठी’. कोंबडी गावठी म्हटली की भाव चढतो, माणूस गावठी म्हटला की उतरतो. म्हणजे गावात जन्मावे तर कोंबडीनेच! २०२० साली पंतप्रधानांनी ‘व्होकल फॉर लोकल’ची हाक दिली आणि शब्दाला पुन्हा इस्त्री झाली.

शब्दाचा यात दोष नाही. ‘तिथलेच’ म्हणजे कुठले, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. पण एका वस्तूला हे विशेषण लावायला कुणीच तयार नाही. ती म्हणजे पाणी. १८९२ चे तानसा धरण शहापूर तालुक्यातले, भातसाही तिथलेच. दोन्हींचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. धरण लोकल, तहान लोकल, डोक्यावरचा हंडाही लोकल. पाणी तेवढे फास्ट! मधल्या पाड्यांना थांबतच नाही हो.