टोप कुणाच्या डोक्याला बसतो?

शिवाजीचा टोप घेऊन यम डोकं शोधत हिंडतो. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) या नाटकाची गोष्ट एवढीच, पण भल्याभल्यांना झोंबणारी. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, कल्पना नि संगीत संभाजी भगतांचं. जालन्याकडची शेतात राबणारी पोरं यात उभी राह्यली. सवाल-जवाब हा तमाशाचा बाज. इथं तो कुणाला लोणी लावायला नाही, राजा नेमका कुणाचा हे विचारायला वापरलाय. हे मोठं काम.

माझं भांडण एकच. सवालाला जवाब देऊन तंटा मिटतो तो रंगमंचावर. आम्हा पाळीवाल्यांच्या वस्तीत हरलेला माणूस रात्री काठी घेऊन येतो. त्या रात्रीला नाटकानं जास्त जागा द्यायला हवी होती.

दोस्तहो, नुसत्या टाळ्या पिटून घरी जाऊ नका. टोप आपल्या डोक्याला लावून बघा.