तंजावरचा मराठी ग्रंथ : मुद्रक आणि वाचक

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विषय महाराष्ट्रात निघाला म्हणजे अभिमानाचा सूर आधी लागतो आणि परिशीलनाचा मागाहून, किंवा मुळीच नाही. शहाजीराजांच्या नाटकांनी मराठी रंगभूमीचा काल मागे नेला, बृहदीश्वराच्या मंदिरात भोसलेकुलाचा इतिहास शिळेवर कोरला गेला, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे, या गोष्टी व्यासपीठावरून वारंवार सांगितल्या जातात. त्या खऱ्याही आहेत. परंतु हे वाङ्मय कोणी छापले, कोणाला डोळ्यांपुढे ठेवून छापले, आणि छापल्यावर ते कोणाच्या हाती पडले, याची विचारपूस क्वचितच होते. ग्रंथ छापला गेला म्हणजे तो वाचकापर्यंत पोहोचला, असे गृहीत धरण्याची आपल्याकडे रीत आहे. तंजावरचा दोनशे वर्षांचा अनुभव या गृहीतकाच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो.

या अनुभवातला सर्वांत अलीकडचा आणि विचार करण्याजोगा भाग एका लहान विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेच्या नावावर जमा आहे, आणि ती संस्था मराठी नाही. १९८१ साली तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. तमिळ भाषा, तमिळ कला आणि तमिळ विद्या यांचे संवर्धन हा त्याचा हेतू. मराठीशी त्याचे कर्तव्य म्हणून काही नाते नव्हते. तरीही पहिल्या दहा वर्षांतच त्याच्या प्रकाशन विभागाने मराठी राजवटीवर एकामागून एक ग्रंथ बाहेर काढले. तंजावरच्या मराठ्यांचे पन्नास ताम्रपट पुस्तकरूपाने आले. के. एम्. वेंकटरामय्या यांचा मराठा राजांच्या काळातील राज्यकारभार व समाजजीवन यांवरील विस्तृत ग्रंथ १९८४ मध्ये निघाला. त्याची उभारणीच मोडी दप्तराच्या आधारावर झालेली आहे. पुढे १९८९ मध्ये मोडी कागदपत्रांचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्या खंडांचे नावच त्यांचे स्वरूप सांगते : तंजावरच्या मराठा राजांच्या मोडी दस्तऐवजांचा तमिळ अनुवाद आणि टिपा.

सरस्वती महालातील मोडी दप्तराची रुमाले तेराशेच्या वर मोजली गेली आहेत. राजवाड्याचा खर्च, छत्रांतील अन्नदान, नाटकशाळा, वैद्यशाळा, देवळांची नेमणूक, गवयांची बिदागी, हत्तीघोड्यांची वैरण, असा एका दरबाराचा रोजचा श्वासोच्छ्वास त्यांत साठलेला आहे. त्या मानाने तीन खंड म्हणजे समुद्रातली ओंजळ. पण ती ओंजळ भरून घेतली गेली, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एखाद्या शाळामास्तराला आपल्या गावच्या छत्रात पावणेदोनशे वर्षांपूर्वी काय चालत असे, हे आपल्या मातृभाषेत वाचणे शक्य झाले. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र किंवा नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्या इमारतींच्या भिंती ज्या भाषेत जमाखर्च लिहीत होत्या ती भाषा मात्र त्याला बंद होती. ग्रंथ स्थानिक आणि वाचकही स्थानिक, असा योग तंजावरच्या मुद्रणेतिहासात फार क्वचित आला आहे.

पहिल्यांदा तो आला सरफोजीराजांच्या काळी. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या राजाच्या हातून पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार गेला. किल्ला आणि त्याच्या भोवतीचा थोडा भाग एवढेच त्याच्या सत्तेचे क्षेत्र उरले. राज्य नसलेल्या राजाने मग विद्येचे राज्य उभारले, असे त्याचे चरित्रकार म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती थोडी. श्वार्त्स या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या सरफोजींनी १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. ‘नवविद्याकलानिधि’ हे त्याचे नाव. इसापाच्या कथांचे सख्खन पंडितांनी केलेले मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने येथूनच निघाले. एकनाथांच्या भावार्थरामायणातील युद्धकांड येथे छापले गेले. तर्कसंग्रह आणि माघकाव्य हे संस्कृत ग्रंथही. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतीय मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला तेव्हा या छापखान्याला त्याचे स्थान मिळाले. त्या स्थानाचे महत्त्व कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचे मराठी मुद्रण याच सुमारास, १८०५ मध्ये, सुरू झाले; मुंबईत गणपत कृष्णाजींनी आपले पंचांग छापले ते १८३१ मध्ये. म्हणजे मराठी पुस्तक महाराष्ट्राबाहेर दोन टोकांना जन्मले आणि स्वगृही मागाहून आले.

परंतु कालानुक्रमाचा हा मान येथे गौण आहे. मुख्य गोष्ट अशी की, सरफोजींच्या छापखान्याला आपला वाचक ठाऊक होता. राजाने शाळा काढल्या होत्या. मुक्तांबाळ छत्रात अन्नाबरोबर विद्येचीही सोय होती. तेथे बसणाऱ्या मुलांपुढे ठेवायला सोपे, बोधपर पुस्तक पाहिजे होते, म्हणून इसाप आला. तर्क शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर्कसंग्रह पाहिजे होता, म्हणून तोही आला. एकनाथांचे रामायण ऐकणारा श्रोतृवर्ग रामदासी मठांनी आणि कीर्तनांनी आधीच तयार करून ठेवला होता. छापखान्याने निवडलेली पुस्तके थोडी, तीही परस्परांशी विसंगत दिसणारी. मात्र प्रत्येकाच्या मागे एक विशिष्ट बैठक उभी दिसते. प्रकाशन या शब्दाचा खरा अर्थ तोच.

राजवट १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूबरोबर संपली. कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्तेवरही हात टाकला, राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या, आणि प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये तो राज्यसत्तेचा व्यवहार असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे, असा निर्णय दिला. ग्रंथालय मात्र टिकले, आणि १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले. यानंतर सुरू होते तंजावरच्या मराठी मुद्रणाचे दुसरे पर्व. त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याच्याविषयीची तक्रारही तितकीच खरी आहे.

सरस्वती महालाच्या प्रकाशनमालेने शहाजीराजांची नाटके छापली, सरफोजींचे ‘देवेंद्र कुरवंजी’ छापले, शरभेंद्रपाकशास्त्रासारखा दरबारी स्वयंपाकाचा ग्रंथ उजेडात आणला. १९५१ मध्ये व्ही. श्रीनिवासाचारी आणि एस्. गोपालन् यांनी बृहदीश्वराच्या मंदिरातील शिलालेख ‘भोंसलेवंशचरित्र’ म्हणून संपादित केला. हे काम ज्यांनी केले त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा मराठी नव्हती, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु त्या शिलालेखग्रंथाचे उपशीर्षक इंग्रजीत आहे, आणि या एवढ्या एका खुणेवरून संपादकांच्या डोळ्यांपुढचा वाचक ओळखता येतो. तो संशोधक आहे. तो मद्रास, पुणे किंवा लंडन येथे बसलेला आहे. तंजावरच्या पश्चिम राजवीथीत राहणारे मराठी कुटुंब तो नाही. साताऱ्याचा किंवा नागपूरचा सामान्य वाचक तर नाहीच.

‘देवेंद्र कुरवंजी’चे उदाहरण घेतले तर ही अडचण अधिक स्पष्ट होते. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. कुरव जातीची भटकी भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगरदऱ्यांचे वर्णन करते आणि नायिकेचा हात पाहून भविष्य वर्तवते. सरफोजींनी हा साचा घेतला आणि कुरवंजीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. डोंगर सांगणारी बाई खंडे आणि समुद्र सांगू लागली. ज्या प्रेक्षकाने शेकडो कुरवंजी पाहिल्या आहेत त्यालाच या युक्तीतील गंमत कळणार. आणि ज्याला मराठी येते त्यालाच तिचे शब्द कळणार. महाराष्ट्रातील वाचकाजवळ दुसरी सामग्री आहे, पहिली नाही. तमिळ वाचकाजवळ पहिली आहे, दुसरी नाही. मूळ संहिता देवनागरीत जशीच्या तशी छापून ठेवल्याने या दोघांपैकी एकाचेही समाधान होत नाही. महाराष्ट्रातील टीकाकारांनी या नाटकांवर ‘ओबडधोबड’, ‘प्राथमिक’ असे शेरे मारले, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी येथे आहे. संगीत आणि नृत्य यांच्यासाठी केलेली रचना त्यांनी गद्यासारखी वाचली.

याच प्रदेशात मराठी शब्दाला वाचक आणि श्रोता नव्हता, असे म्हणावे तर वस्तुस्थिती उलट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील कीर्तनकार तंजावरला आले. त्यांच्यापासून तंजावूर कृष्ण भागवतरांनी हरिकथेचे नवे रूप घडवले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तमिळ निरूपणात कायमचे जाऊन बसले. भजनसंप्रदायातील तमिळभाषी भक्त तुकाराम-नामदेवांचे अभंग तमिळ लिपीत छापलेल्या पुस्तिकांतून आजही गातात. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांना एकच अक्षर. अभंगाची त्यात थोडी ओढाताण होते. पंडितांना ती रुचत नाही. तथापि तंजावर-कुंभकोणम् भागातील मराठी घराण्यांतसुद्धा दक्षिणी मराठी लिहायची झाली तर ती पुष्कळदा तमिळ अक्षरांतच लिहिली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे कोणाची लिपी अधिक ‘शुद्ध’ हा वाद निरर्थक ठरतो. वाचक जेथे आहे तेथे या स्वस्त पुस्तिका गेल्या. मोठ्या संपादित ग्रंथांना ते जमले नाही.

या पार्श्वभूमीवर तमिळ विद्यापीठाच्या तीन खंडांचे मूल्यमापन करावयास हवे. अनुवाद म्हणून त्यांची सर्वांत मोठी सोय अशी की, तंजावरची मोडी ही अर्धी तमिळच आहे. शब्द मराठी, क्रियापदे मराठी. पण माप, जमीन, नाणे ही सारी त्या मातीची. समजा, एखाद्या छत्राच्या हिशेबात तांदळापुढे ‘कलम’ असा शब्द आला. पुण्याचा मोडीवाचक तो डोळे झाकून ‘बाब’, ‘नोंद’ असा लावील, कारण पेशवे दप्तरात त्याने तो हजार वेळा तसाच वाचलेला असतो. तंजावरात ते धान्याचे माप असू शकते. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. ‘वेली’ म्हणजे येथे लता नव्हेत. ती भातशेतीची, साडेसहा एकरांहून थोडी अधिक भरणारी मोजणी आहे. ‘चक्रम’ हे नाणे आहे. हे शब्द तमिळ अनुवादकाला टीप न देता कळतात, आणि त्याच्या वाचकालाही. महाराष्ट्रात बसून या कागदांचे संपादन झाले असते तर याच जागी मोठमोठे प्रमाद झाले असते.

उलट बाजूही आहे. ‘जामदारखाना’, ‘मुदबख’, ‘बारनिशी’ या शब्दांना तमिळ टीप लागते, आणि ती देता येते. अवघड शब्द धोक्याचे नसतात, कारण ते अनुवादकाला थांबवतात. फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘प्रसंग’ मराठीत घडतो, तमिळमध्ये ‘पिरसंगम्’ व्याख्यानाला म्हणतात. मराठी ‘अवसर’ म्हणजे सवड, संधी. तमिळ ‘अवसरम्’ म्हणजे घाई. मराठी माणूस ‘संसार’ करतो, तमिळ बोलीत ‘संसारम्’ म्हणजे पत्नी. दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत शब्दाला वेगळे घर दिले, आणि कारकुनाने घाईत लिहिलेल्या मोडीत तो शब्द कोणत्या घरातून आला आहे हे ठरवण्यास संपूर्ण वाक्याचा, कधी संपूर्ण रुमालाचा आधार लागतो. अशा ठिकाणी केवळ अनुवाद पुढे असला, तर वाचकाला विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून अनुवादासमोर मूळ मजकुराचे बाळबोध लिप्यंतर असावे, ही मागणी पंडिती हट्टाची नाही. तिच्याविना अनुवादाची परीक्षाच होऊ शकत नाही, आणि परीक्षा न झालेल्या अनुवादावर पुढचे इतिहासकार इमारती रचत जातात.

या मागणीतून एक गैरसोयीचा प्रश्न निघतो, तो महाराष्ट्राला उद्देशून आहे. आज मोडी न येणाऱ्या मराठी अभ्यासकाला तंजावर दप्तराचा अंतरंग परिचय करून घ्यावयाचा असेल, तर त्याला बहुतांशी तमिळ किंवा इंग्रजी ग्रंथांची वाट धरावी लागते. आपल्या भाषेत लिहिलेला कागद त्याला शेजाऱ्याच्या भाषेतून समजून घ्यावा लागतो. शेजाऱ्याने आपल्या वाचकाची सोय पाहिली, यात त्याचा दोष कोणता? राज्य स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रात विद्यापीठे वाढली, साहित्यसंस्थांची अनुदाने वाढली. तंजावरच्या दप्तराचे लिप्यंतर हाती घेऊन ते खंडशः छापणारी एकही विद्यापीठीय योजना तमिळ खंडांच्या जोडीला उभी राहिलेली दिसत नाही. अभिनंदनाचे ठराव मात्र होत राहिले.

असे काम झाले तर त्याची रचना कशी असावी, हे कागदच सांगतात. एका पानावर मोडीचे बाळबोध रूप. समोर तमिळ अनुवाद. आणि खाली टिपांचे दोन स्वतंत्र संच. ‘कलम’, ‘वेली’, ‘मरक्काल’ यांच्या टिपा मराठीत, ‘मुदबख’, ‘जामदारखाना’ यांच्या तमिळमध्ये. एकाच ओळीवर दोन्ही संच अडखळतील अशा जागा थोड्या निघतील. ‘प्रसंग’ आणि ‘अवसर’ यांच्या जागा त्याच. तेथे दोन्ही संपादकांनी एका टेबलाशी बसणे आवश्यक आहे. तमिळ विद्यापीठाने आपली बाजू १९८९ मध्ये छापून दिली आहे. समोरचे पान कोरे आहे.