निवड अचूक होती, हे कशावरून?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू संघांनी क्रमाने निवडायचे असतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी प्रथम, विजेत्याची शेवटी. संघ आपली पाळी दुसऱ्याला देऊ शकतात.

२००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकावर निवडले. पुढे ब्रेडीने सात अजिंक्यपदे मिळवली. ही निवड पारखी नजरेचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण त्याच ड्राफ्टमध्ये या संघाने ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू निवडले होते! ब्रेडीची योग्यता आधीच ओळखली असती, तर संघ इतका वेळ थांबला असता का? एका निकालावरून निर्णयाची पारख होत नाही. त्यासाठी अनेक निवडी तपासाव्या लागतात.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी तेच केले. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मैदानावरच्या एकाच जागेसाठी पाठोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्केच निघाली. नाणे उडवले तर ५० टक्के! तरीही वरची पाळी मिळवण्यासाठी संघ भारी किंमत मोजत होते, असे लेखकांनी दाखवले.

पद्धत उत्तम आहे. परंतु या आकड्यातून ‘निवड म्हणजे निव्वळ नशीब’ असा अर्थ काढणे चूक आहे. तुलना शेजारच्या दोघांची आहे. गुणवत्ता यादीत ४१ वा आणि ४२ वा यांत फरक नसला, तरी पहिला आणि शंभरावा यांत तो असू शकतो.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. खेळाडू किती सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात होता, हाही येथे एक निकष आहे. पण मैदानात कोणाला उतरवायचे, हे संघच ठरवतो. बॉस्केटबॉलमध्ये आधी निवडलेल्यांना, कामगिरी सारखी असली तरी, खेळायला अधिक वेळ मिळतो, असे स्टॉ आणि होआंग यांनी १९९५ मध्ये दाखवले होते. म्हणजे ही मोजपट्टी आधी निवडलेल्यांना झुकते माप देते. संघांची पारख ५२ टक्क्यांहूनही कच्ची असू शकेल.

तिसरे, २०११ मध्ये नवोदितांच्या मानधनावर मर्यादा आली. पैशांविषयीचे निष्कर्ष त्याआधीच्या काळातले आहेत. ते आज जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

तेव्हा कोणतीही निवड तपासताना तीन प्रश्न विचारावेत. त्या वेळी काय माहीत होते? दुसरा पर्याय कोणता होता? दोघांना सारखी संधी मिळाली का? शाळेच्या संघात किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी आपण विद्यार्थी निवडतो, तेव्हा तिसरा प्रश्न हटकून राहून जातो. न निवडलेल्या मुलाने काय केले असते, हे आपल्याला कधी दिसतच नाही.