हुकूम आणि हेतू : एका पत्राचं वाचन

आज आपण कुठला ग्रंथ घेतलेला नाही. एक पत्र वाचणार आहोत. १६ सप्टेंबर २०२४ रोजी ॲमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी ते कर्मचाऱ्यांना पाठवलं आणि कंपनीने ते सर्वांसाठी प्रसिद्धही केलं. त्यातला गाभा असा, की २ जानेवारी २०२५ पासून कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी आठवड्याचे पाच दिवस कार्यालयात यायचं, महासाथीच्या आधी येत होते तसं. त्याआधी, मे २०२३ पासून, तिथे किमान तीन दिवसांचा नियम होता. म्हणजे वाद घर की कचेरी असा नव्हताच. तीन दिवस की पाच, एवढाच होता. हे आधीच ध्यानात ठेवू, कारण पत्रातला युक्तिवाद नेमका इथेच घसरतो.

आता कुणी विचारेल, मालकाने हुकूम काढला, त्यात तत्त्वज्ञानवाल्यांनी नाक कशाला खुपसायचं? नुसता हुकूम असता तर खुपसलंही नसतं. ‘अमुक तारखेपासून या’ एवढं म्हणून मोकळं होता येतं. पण जॅसी यांनी कारणं दिली आहेत. आणि एकदा कारण दिलं, की ते तपासायचा अधिकार ऐकणाऱ्याकडे जातो. हुकूम पाळायचा असतो, हेतू मात्र पारखायचा असतो.

कारणं काय दिली आहेत? एकत्र बसलं की कंपनीची संस्कृती शिकणं आणि मुरवणं सोपं जातं. नव्या कल्पना सुचवणं, एकमेकांना शिकवणं सहज होतं. माणसं जोडलेली राहतात. आणि शेवटी, गेल्या पंधरा महिन्यांच्या तीन-दिवसीय अनुभवाने आमची ही खात्री अधिकच पक्की झाली आहे.

आपल्या न्यायदर्शनात अनुमान मांडायची पाच अंगं सांगितली आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. हे पत्र त्या चौकटीत बसवून बघा. प्रतिज्ञा स्पष्ट आहे, पाच दिवस यावं. हेतूही आहे, सहवासाने संस्कृती बळकट होते. पण उदाहरणाच्या जागी काय आहे? ‘आमची खात्री’. स्वयंपाकघराचं उदाहरण द्यायचं तर तिथे धूरही दिसावा लागतो आणि विस्तवही. इथे सांगणारा म्हणतो, विस्तव आहे अशी माझी पक्की भावना आहे. जो हेतू स्वतःच अजून सिद्ध व्हायचा आहे, त्याला नैयायिक ‘साध्यसम’ म्हणतात. तो हेतू नव्हे, हेत्वाभास.

बरं, ती खात्री आपण क्षणभर मान्य करू. तीन दिवसांच्या अनुभवाने काय सिद्ध झालं? फार तर तीन दिवस उपयोगी ठरले, एवढंच. एक गोळी घेऊन ताप उतरला, म्हणून पाच गोळ्या घ्या असं कुठला डॉक्टर सांगतो? उलट तीनमध्ये भागत असेल, तर ते तीनच्या बाजूचं प्रमाण झालं. पाचची बाजू मांडायची तर तीनमध्ये काय कमी पडलं ते दाखवायला हवं होतं. पत्रात ते कुठेही नाही.

आणि एक गंमत आहे. महासाथीच्या आधीही काही प्रसंगी घरून काम चालायचं, तसं पुढेही चालेल, अशी सवलत पत्रात आहे. मूल आजारी असेल, घरात अचानक काही निघालं असेल, ग्राहकांना भेटायला बाहेर असाल, किंवा एकांतात बसून एक-दोन दिवसांत कोड पूर्ण करायचा असेल तर. पहिल्या तीन सवलती माणुसकीच्या किंवा सोयीच्या आहेत. चौथी तशी नाही. ती कामाच्या स्वरूपाबद्दल बोलते. काही काम कार्यालयात नीट होत नाही, त्याला एकांत लागतो, ही कबुली खुद्द पत्रच देतं. मग कुठलं काम कुठे, हा प्रश्न खुला झाला ना? तो खुला करून पत्र तसंच पुढे निघून जातं.

दुसऱ्या बाजूचंही म्हणायला हवं. पत्रातला शिकण्याचा मुद्दा आम्हां मास्तर मंडळींना हलका वाटत नाही. ‘उपनिषद’ या शब्दातच जवळ बसणं आहे. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली ‘द टॅसिट डायमेन्शन’मध्ये हेच धरलं, की माणसाला जितकं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. न सांगता येणारं ते ज्ञान शेजारी बसूनच उचललं जातं. बावीस वर्षांची मुलगी नोकरीला लागते आणि वर्षभर आपल्या वरिष्ठाला फक्त पडद्यावरच्या चौकोनात बघते, तेव्हा तिचं काही तरी हरवतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिकवण्याची किंमत कुणी तरी मोजत असतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात असं आढळलं, की जवळ बसल्याने नवख्यांना अभिप्राय जास्त मिळतो आणि अनुभवी माणसांचं स्वतःचं काम मात्र कमी होतं. हा खरा प्रश्न आहे, आणि तो हिशेबाने सोडवावा लागेल. ‘संस्कृती’ या एका शब्दाने तो सुटत नाही, झाकला जातो.

असा हिशेब करता येतो का? येतो. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सोळाशेंहून जास्त कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला पाच दिवस कार्यालय, दुसऱ्याला तीन दिवस कार्यालय आणि दोन दिवस घर. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक-तृतीयांशाने घटलं. आम्हाला जास्त बोलका वाटतो तो त्यातला एक छोटा तपशील. घरून काम केल्याने उत्पादकता घटेल असा व्यवस्थापकांचा प्रयोगाआधीचा अंदाज होता, आणि प्रयोगानंतर तेच व्यवस्थापक थोडी वाढते म्हणू लागले. खात्री त्यांनाही होतीच की! एका कंपनीचा निष्कर्ष दुसरीला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे खरं. पण मग दुसरीने स्वतः मोजावं.

आता शब्दप्रमाण. ॲमेझॉनच्याच एका मोठ्या विभागाचे प्रमुख मॅट गार्मन यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सभेत सांगितलं, की आपण ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना हा बदल मान्य आहे, आणि ज्यांना नको त्यांना दुसऱ्या कंपन्या आहेत. न्यायदर्शनात आप्त कोण? ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. कर्मचाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक असतेच. पण ज्याच्या हाती आपली नोकरी आहे, त्याच्यासमोर ती आहे तशी सांगायची मुभा त्याला कितपत? नंतर पाचशेंहून जास्त कर्मचाऱ्यांनी गार्मन यांना पत्र लिहिलं. त्यांची तक्रार प्रवासाची नव्हती एवढी, निर्णयाच्या समर्थनाला आकडेवारीचा आधार नाही याची होती. आकड्यांवर चालणारी कंपनी म्हणून जी मिरवते, तिच्याच माणसांनी तिला हे सांगावं! पुढे काही शहरांत बसायला पुरेशी जागाच नाही म्हणून तारीख ढकलावी लागली, ते आणखी वेगळं.

यावर एक उत्तर नेहमी येतं, की ॲमेझॉनच्या गोदामांतली लाखो माणसं रोज येतातच ना, मग यांचेच लाड कशाला? गोदामातल्या माणसाला यावं लागतं कारण खोकं तिथे आहे. त्याच्या येण्याला कारण आहे, आणि ते कारण त्यालाही दिसतं. त्याची दुःखं वेगळी आहेत आणि कदाचित मोठीही. पण ती दुसऱ्याला विनाकारण बोलावण्याचा आधार कशी होतील?

आपल्याकडे फार वेगळं नाही. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी कार्यालयात असण्याची गरज राहणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस यायचं ठरलं. २०२४ मध्ये पगारातला तिमाहीचा बदलता भाग हजेरीला जोडला गेला, आणि ६० टक्क्यांखाली हजेरी असेल तर तो भाग मिळणार नाही असा नियम आला. बघा, हजेरी ही सहकार्याची खूण म्हणून आली होती, धूर म्हणून. आता धूरच मोजतात. सकाळी वाकडच्या पुलाखाली तासभर अडकून हिंजवडीत पोचलेला, दारात कार्ड टेकवून आत गेलेला आणि दिवसभर कानात हेडफोन घालून हैदराबाद आणि लंडनच्या सहकाऱ्यांशी पडद्यावर बोललेला माणूस, त्याची हजेरी पूर्ण भरते.