विरोधकाचं कौतुक

आपल्याकडे माणसाचं तोंडभरून कौतुक होण्याचे प्रसंग तसे मोजकेच. तो निवृत्त होतो तेव्हा, तो वारतो तेव्हा, आणि त्याच्याकडून काही उसनं न्यायचं असतं तेव्हा. पहिल्या दोन प्रसंगी निदान हार तरी असतो. तिसऱ्यात नुसता चहा, तोही आपल्याच घरचा. त्यामुळे माझ्यासारख्या पगारदार माणसाला कुणी विनाकारण चांगलं म्हटलं की त्याचा हात आधी खिशाकडे जातो.

ही सवय वर्तमानपत्र वाचतानाही सुटत नाही. एका पक्षाचा पुढारी दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याला ‘अभ्यासू’, ‘दिलदार’, ‘उमदं व्यक्तिमत्त्व’ वगैरे म्हणाला की मी खिसा चाचपून बघतो. आमच्या सौ.चं तर याबाबतीत शास्त्रच तयार आहे. ती म्हणते, “मुलाकडची मंडळी मुलीच्या काकांनी बांधलेल्या घराचं कौतुक करायला लागली ना, की समजावं, बोलणी देण्याघेण्यावर आलीत. घर काय, दहा वर्षं तिथंच होतं!”

हे शास्त्र लावून पाहण्यासारखा नमुना महाराष्ट्राच्या नशिबी वारंवार येतो. २०१४ च्या विधानसभा प्रचारात नरेंद्र मोदींनी राष्ट्रवादीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘नॅचरली करप्ट पार्टी’ असा विस्तार करून दाखवला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात तेच मोदी शरद पवारांबद्दल बोलताना, त्यांनी आपल्याला बोट धरून चालवलं, अशा अर्थाचं बोलले. २०१७ साली पवारांना पद्मविभूषण मिळालं. २०२४ च्या लोकसभा प्रचारात पुण्याच्या सभेत मोदींनी नाव न घेता ‘भटकती आत्मा’ काढली, आणि रोख कुणाकडे होता ते शेंबड्या पोरालाही कळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनात त्यांनीच पवारांना खुर्चीवर बसायला हात दिला आणि पेल्यात पाणीही ओतून दिलं.

आता यातलं खरं कुठलं मानायचं? आमचे शेजारी म्हणतात, सगळंच खरं. पंचांगात कसं शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष दोन्ही खरे असतात, तसं. निवडणुकीचा पंधरवडा वेगळा, सत्काराचा वेगळा. चंद्र तोच.

हे खूळ एकाच पक्षाला लागलंय असं नाही. २०२५ चं सगळं वर्षच गोड गेलं. जानेवारीच्या आरंभी ‘सामना’च्या अग्रलेखात देवेंद्र फडणवीसांच्या गडचिरोलीतल्या कामाचं अभिनंदन छापून आलं. चष्मा पुसून मी मथळा पुन्हा वाचला. वर्तमानपत्र तेच होतं. फेब्रुवारीत पवारांच्या हस्ते एकनाथ शिंद्यांना महादजी शिंदे पुरस्कार देण्यात आला आणि संजय राऊत संतापले. जुलैत अंबादास दानव्यांच्या निरोपाच्या वेळी विधान परिषदेत फडणवीसांनी उद्धव ठाकऱ्यांना सांगितलं, की २०२९ पर्यंत आम्हाला तिकडे यायला वाव नाही, पण तुम्हाला इकडे यायला आहे. सभागृह हसलं. आमच्या घरात कुणी हसलं नाही. सौ.ने मुंडावळ्यांचा डबा माळ्यावर आहे की कपाटात, एवढंच विचारलं.

पण तिचं शास्त्रही दर वेळी लागू पडतं असं नाही. ९ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत गुलाम नबी आझादांना निरोप देताना पंतप्रधानांचा कंठ दाटून आला. सौ. म्हणाली, “गेले हे.” पुढल्या वर्षी जानेवारीत आझादांना पद्मभूषण जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. पण गेले कुठे? स्वतःचा पक्ष काढून बसले. म्हणजे माहेर सुटलं, पण सासरी पाऊल टाकलं नाही. शशी थरूरांनी २०१४ मध्ये स्वच्छता मोहिमेला बरं म्हटलं म्हणून पक्षाने त्यांचं प्रवक्तेपद काढून घेतलं. मे २०२५ मध्ये सरकारने त्यांना परदेशी जाणाऱ्या एका शिष्टमंडळाचं प्रमुख केलं, तेसुद्धा काँग्रेसने दिलेल्या यादीत नाव नसताना. तेव्हाही गृहस्थ काँग्रेसचेच खासदार होते. अकरा वर्षं वरात दाराशी थांबवून धरणं सोपं नाही!

कौतुक म्हटलं की सौदाच, असं धरून चाललो तर चांगला शब्दच महाग होईल. ‘झाडू बरा आहे’ एवढं म्हणायलाही पुढारी घाबरेल. तेव्हा संशय घ्यायचा, पण कशाचा, हे ठरवायला हवं. त्यासाठी जरा मागे जाऊ.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी नाशिकच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं, त्या विरोधकांनीही मैदान मोकळं ठेवलं. ‘उमदं व्यक्तिमत्त्व’ म्हणायला काही पडत नाही. जागा सोडायला पडते. १९९४ साली नरसिंह रावांनी काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडायला जिनिव्हाला शिष्टमंडळ पाठवलं, त्याचं प्रमुखपद विरोधी पक्षनेते वाजपेयींना दिलं. काम फत्ते झालं असतं तर श्रेयात वाटेकरी, फसलं असतं तर घरच्यांचे बोल. तरी पाठवलं. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांनी वाजपेयींना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळात घातलं, ते अमेरिकेत मूत्रपिंडावर उपचार करून घेता यावेत म्हणून. राजीव गांधींनी त्याची जाहिरात केली नाही. सांगितलं ते वाजपेयींनी, आणि तेही राजीव गांधी गेल्यावर, म्हणजे परतफेडीची सोयच उरली नव्हती तेव्हा.

याच वाजपेयींनी १९७१ साली इंदिरा गांधींना दुर्गा म्हटलं, असं आजही सांगितलं जातं. ‘मी तसं म्हटलं नव्हतं,’ असं स्वतः वाजपेयींनी सांगून पाहिलं. कोण ऐकतंय! लोकांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी बोलणाऱ्याचाच खुलासा फेटाळून लावला. यावरून एक ओळखावं, आपण विरोधकाच्या कौतुकाला मुळात नाक मुरडत नाही. आपल्याला ते हवंच असतं. न केलेलंसुद्धा आपण पन्नास वर्षं जपून ठेवतो.

मग आता हात खिशाकडे का जातो? कारण आमच्या आळीतली दोन पोरं. सख्खे मावसभाऊ. एक या पक्षाचा, दुसरा त्या. २०१९ च्या निवडणुकीत कुणाचा फलक कुणाच्या फलकावर लागला यावरून दोघांत जुंपली. एकाच्या कपाळाला चार टाके पडले, दुसऱ्याच्या मागे कोर्टाच्या तारखा लागल्या. तेव्हापासून गणपतीला एकमेकांच्या घरी जाणं बंद. त्यांची आजी दोन्ही घरचे मोदक खाते आणि दोन्हीकडे रडते. त्यानंतर दोघांच्याही पक्षांची युती झाली, मोडली, पक्ष फुटले, चिन्हं गेली, नेते एकमेकांच्या मुलांच्या लग्नात पंगतीला मांडीला मांडी लावून बसले. कोर्टाची तारीख मात्र पडतेच आहे. साहेबांनी विरोधकाला ‘जिवलग मित्र’ म्हटल्याचं छापून आलं, त्या दिवशी टाकेवाला मला वाण्याच्या दुकानात भेटला. म्हणाला, “काका, मित्र होते तर आधी सांगायचं ना. मी कशाला डोकं पुढं केलं असतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या साहेबांकडेही असेल असं वाटत नाही. माझा राग कौतुकावर नाही. भांडण वाटायचं खाली आणि मैत्री ठेवायची वर, या वाटणीवर आहे.

तेव्हा साहेबांनी विरोधकाचं कौतुक जरूर करावं, फक्त वेळ बदलावी. निरोपाच्या भाषणात नको, वाढदिवसाच्या गुळगुळीत पुस्तकात नको. मतदानाला आठ दिवस असताना, भर चौकातल्या सभेत, समोर कार्यकर्ते घोषणा देत असताना म्हणावं, “समोरचा उमेदवार माणूस चांगला आहे, त्यानं पाण्याचं काम केलंय. मतं मलाच द्या, पण त्याचे फलक फाडू नका.” असं कुणी म्हणालाच, तर मी तिथल्या तिथे टाळी वाजवीन. टाळीला दोन्ही हात लागतात, खिशाकडे जायला एकही उरत नाही.