‘प्रतिरोध’ या संज्ञेची मर्यादा

‘इन्सुलिन-प्रतिरोध’ ही संज्ञा आता मराठी वैद्यकीय लेखनात रूढ झाली आहे. परंतु मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विचार करताना ती अपुरी पडते. १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे इन्सुलिनला ‘संवेदनशील’ व ‘असंवेदनशील’ असे दोन प्रकार मानले. ‘प्रतिरोध’ या शब्दाने मात्र सरसकट नकार सूचित होतो.

वस्तुतः रक्तवाहिनीच्या आतील स्तरावर इन्सुलिनचे कार्य दुहेरी असते. नायट्रिक ऑक्साइडच्या द्वारा ते वाहिनी रुंदावते, तर एंडोथेलिनच्या द्वारा ती आकुंचित करते. प्रयोगांत असे आढळते की, या विकारात पहिले कार्य मंदावते, दुसरे बहुतांशी टिकून राहते. आणि रक्तातील इन्सुलिन वाढलेले असल्यामुळे ते बळावतेही. हा नकार नव्हे. विषम प्रतिसाद होय.

त्यात भर अशी की, रक्तप्रवाहास होणाऱ्या अडथळ्यासही ‘प्रतिरोध’च म्हटले जाते. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली, की हा अडथळा सैद्धांतिक गणिताने १६ पट होतो. कारण व कार्य या दोहोंस एकच नाव दिल्यास विद्यार्थ्यास त्यांतील संबंध दिसणार कसा? पहिल्यास ‘विषम प्रतिसाद’ व दुसऱ्यास ‘प्रवाहरोध’ म्हणणे इष्ट ठरेल. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. तेथील प्रवाहाविषयी शब्दांची ढिलाई परवडणारी नाही.